एक जूनवाली

डबलबेडच्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने समोरचे दोन, मग दोघींनी एकदम झटका द्यायचा, अर्धी करायची आणि चालत एकमेकींजवळ यायचं. लोणावळ्यात वलवणच्या बाजूला असलेल्या आमच्या रिसॉर्टच्या लॉन्ड्रीत हे काम असंच चालायचं. चांगुणा मात्र ती घडी एकटीने घालू शकायची. दोन्ही हात पसरून कोपरे चिमटीत धरायची, चादरीचा मध्य हनुवटीखाली दाबायची आणि असा काही झटका द्यायची की चादर मुकाट्याने अर्धी व्हायची. खालची कड जमिनीला कधी लागायची नाही. तिचे हात होतेच तसे लांब. उभी राहिली की बोटं गुडघ्यांना टेकतात की काय असं वाटायचं.

मी कामाला लागले त्या दिवशी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, तोंडासमोर चादर धरलेलं. चादरीमागूनच आवाज आला, "नवी का? ये. दुसरं टोक धराया मानूस मिळालं तर धरावं. न मिळालं तर हनुवटी हायेच." मी जाऊन टोक धरलं. पुढे सगळी नोकरी मी ते टोक धरून काढली.

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्या बोलण्यातून तेवढं वजा करता येईल. रिसॉर्टचे जुने मालक पाहुण्यांना बाग दाखवत, पोहण्याचा तलाव दाखवत आणि मग हमखास लॉन्ड्रीत आणत. "ही आमची चांगुणा. चांगुणा, दाखव गं." ती एकटीने घडी घालून दाखवायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि मी तिथेच इस्त्री हातात धरून उभी. माझ्या इस्त्रीला कुणी टाळी वाजवली नाही. तिचे केस पन्नाशीनंतरही काळेभोर होते. कलप लावत असेल म्हणून मी कितीदा तरी तिच्या भांगात मुळाशी निरखून पाहिलं. काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही याचाच जास्त राग आला. एकदा ती आमच्या घरी हळदीकुंकवाला आली होती. ती गेल्यावर आमचे हे म्हणाले, "चांगुणाबाईंचं बोलणं कसं मोकळं आहे, नाही?" त्या रात्री आमटीत मीठ पडलं नाही. यांनी ती मुकाट्याने खाल्ली.

तिचं गाव आंदर मावळात, पार आत. एसटी तिथे येते आणि आली तशी परत निघायची घाई करते. नवरा गेल्यावर भाताची दोन खाचरं दिरांच्या ताब्यात गेली. दिरांच्या घरी एका कोपऱ्यात पडून राहण्यापेक्षा तिने वलवणला एक खोली घेतली आणि या नोकरीच्या जिवावर ती टिकवली. "माजी खोली" हे दोन शब्द ती असे म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, सात मजल्यांची माडी आहे. पत्र्याची खोली ती. पण दाराची किल्ली तिच्या कमरेला असायची.

रिसॉर्टवर नवीन पोरं आली की वयस्क बायकांना मावशी म्हणायची. मला ते चालायचं. चांगुणाला नाही. "मावशी म्हनतोस? मग दिवाळीला घरी ये लाडू खाया. न्हाई येनार? मग नावानं हाक मार." पोरं हसायची, पण पुढे चांगुणा म्हणूनच हाक मारायची. मी एकदा तिला विचारलं, "मावशी म्हटलं तर बिघडलं कुठं?" ती म्हणाली, "नलू, साहेब लोकांची एक रीत हाय. आधी मानसाचं नाव इसरत्यात, मग मावशी म्हनत्यात, मग घरी धाडत्यात. तू बघ." मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

आता तिच्या वयाची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. आमच्या वेळी खेड्यात जन्मतारीख कुणाला माहीत नसायची. मूल शाळेत घालताना गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं झालं असं समजायचं आणि जन्मतारीख एक जून लिहायची. चांगुणा थोरल्या बहिणीच्या मागे मागे शाळेत जायची, कारण घरी तिला सांभाळायला कुणी नसायचं. गुरुजींना पट भरायला पोरं हवीच होती. त्यांनी हिला पुढे घेतलं आणि म्हणाले, धर कान. हिने तो पटकन धरला. "आय धावत आली," चांगुणा सांगायची, "म्हनली, आवं गुर्जी, लेकरू आजून अंगावर पितंय! गुर्जी म्हनले, कानाला हात पोचला की साळंत. बास! मी दूध पिऊन साळंत गेले."

माझं उलटं झालं. माझं माहेर शिरूरकडचं, तिकडे पाऊस आधीच कमी. मोठ्या दुष्काळात मी हातात ताटली घेऊन सरकारी सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली मला स्वच्छ आठवते. त्या भुकेत माझं अंग वाढलंच नाही. मास्तरांपुढे उभी राहिले तर हात कानाच्या दोन बोटं वर येऊन थांबायचा. "पुढच्या वर्षी आण," मास्तर म्हणायचे. असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला कसाबसा कान लागला, आणि तेव्हा मीही सहा वर्षांची झाले, एक जूनची.

हे आम्ही दोघींनी एकदा जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून लावून पाहिलं. मी सुकडीच्या रांगेत होते तेव्हा चांगुणा पाळण्यात होती. म्हणजे मी चांगली तीनचार वर्षांनी मोठी. पण कागदावर ती माझ्याहून एका वर्षाने थोरली. चांगुणा हसून हसून लोळायची बाकी राहिली. "नलू, तू मला पाळन्यात झोका द्यायच्या वयाची आन कागदावर माजी धाकली!" मलाही हसू आलं, पण थोडं कमी. माझे गुडघे दुखत होते आणि तिचे दुखत नव्हते, त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

पुढे मालकांनी रिसॉर्ट विकलं आणि नवे लोक आले. काचेच्या केबिनी झाल्या, छातीवर नावाच्या पट्ट्या आल्या आणि माणसांचं बघायला रिया मॅडम आल्या. पोरगी चांगली होती, हसून बोलायची. मला नलिनीताई म्हणायची. तिने प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक आणायची टूम काढली. तिचा कॉम्प्युटर आदल्या दिवशी नावं सांगायचा. मे संपता संपता त्याने एकदम पानभर नावं काढली. बागेतले लोक, मुदपाकखान्यातले, गेटवरचे, लॉन्ड्रीतल्या आम्ही दोघी, सगळे एकाच दिवशी जन्मलेले. रिया मॅडम घाबरून लॉन्ड्रीत आल्या. "सिस्टिममध्ये काहीतरी एरर आहे. सगळ्यांचा बर्थडे फर्स्ट जून कसा येईल?"

चांगुणा घडी न सोडता म्हणाली, "मॅडम, तुमचा कंपूटर बरा हाय. आमचं गुर्जीच बिगाडल्यालं व्हतं."

एवढी नावं केकवर मावेनात. म्हणून एकच मोठा केक आला आणि त्यावर क्रीमने 'एक जून टीम' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवस साजरा होत होता कित्येकांचा. गेटवरचे आबा तर टोपी काढून उभे राहिले, देवळात राहावं तसे. सुरी कुणी धरायची? सगळे एका तोंडाने म्हणाले, चांगुणा. माझाही त्याच दिवशी वाढदिवस होता, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. तिने मात्र सुरी उचलली, माझा हात ओढला आणि सुरीवर ठेवला. मला तेही आवडलं नाही. तिने माझी आठवण ठेवावी आणि मी तिच्यावर जळावं, यात माझीच शोभा होत होती.

त्या दिवसापासून आमचं नाव पडलं एक जूनवाले. आधी गमतीने. मग पावसाळ्यात कुजबुज सुरू झाली. नव्या लोकांना 'यंग टीम' हवी होती, पाहुण्यांसमोर ताजे चेहरे हवे होते. बैठकीत एनर्जी, एनर्जी असं फार बोललं जायचं. बागेतून दोघं गेले, मग मुदपाकखान्यातून, मग टोपी काढणारे आबा. कारणं सगळी वेगवेगळी सांगितली, परफॉर्मन्स वगैरे. पण गेले ते सगळे कागदावर पंचावन्न ओलांडलेले. दिवाळीनंतर कळलं की लॉन्ड्रीच बंद होणार. चादरी तळेगावच्या मोठ्या यंत्रांवर धुऊन, घडी होऊन परत येणार. त्या ठेवायच्या खोलीत एक बाई लागेल. एकच.

आमच्या यांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांची रिक्षा दाराशी नुसती उभी होती. घर माझ्या पगारावर चालत होतं. आणि एका माणसाचं काम म्हणजे ते चांगुणाचंच, यात कुणाला शंका असणार? दोघींचं काम एकटीने करणारी बाई समोर असताना माझ्यासारखीला कोण ठेवणार? मी घरी दार लावून एकटीने घडी घालायचा सराव सुरू केला. हनुवटीखाली चादर दाबली की ती नाकावर यायची, हात पसरले की कोपरे सुटायचे. एकदा जोर करून झटका दिला तो उजव्या खांद्यातच बसला. खांदा आखडला तो आखडलाच. हे बाहेरून म्हणाले, "भूत खेळवतेस का चादर पांघरून?" मी म्हटलं, "हो, चांगुणाचं."

दुसऱ्या दिवशी कामावर हात वर जाईना. चांगुणाने ते पाहिलं. "तू खालचं टोक धर," एवढंच म्हणाली आणि वरची सगळी ओढ आपल्याकडे घेतली. तिला सगळं कळलं होतं असं मला आजही वाटतं.

मग एका सकाळी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. रिया मॅडमनी पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नलिनीताई, लिनन रूमसाठी तुमचं प्रोफाइल फिट बसतंय." आणि चांगुणाकडे वळून फार मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुम्ही प्लीज समजून घ्या. वयाचा काही संबंध नाही हं."

मावशी हा शब्द ऐकला आणि चांगुणाने माझ्याकडे पाहिलं. बघ, सांगितलं नव्हतं? असं ते पाहणं होतं. मग तिने सावकाश उजवा हात उचलला, डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. तशीच बसून राहिली.

"काय झालं मावशी, डोकं दुखतंय?" रिया मॅडम गडबडल्या.

"न्हाई मॅडम. हात लांब, म्हनून लवकर साळंत गेले. हात लांब, म्हनून लवकर घरी चालले."

मॅडम हुशार होत्या. त्या थोडं पुढे वाकल्या. "तुमच्या वयाची नोंद चुकलीय असं म्हणायचंय का? तसं असेल तर आत्ताच सांगा. दोघींच्याही नोंदी मी परत बघते."

मी पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. सुकडीची रांग, ती ताटली, तिचा पाळणा, सगळं तिला माहीत होतं. माझ्याच डब्यातला घास खात तिने ते ऐकलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिची खोली, तिच्या कमरेची किल्ली त्या वाक्यावर होती आणि माझं घरही. मी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"न्हाई," चांगुणा म्हणाली. "गुर्जींनी लिवलंय त्येच खरं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती नेहमीसारखी भराभर चालत होती, मला पळावं लागत होतं. "सांगून काय व्हनार व्हतं? तुला काडली असती म्हून मला ठिवली असती? दोगींनाबी काडलं असतं. एक तरी आत ऱ्हाऊ दे." मग थांबून म्हणाली, "आन वयाचा संमंद न्हाई म्हनत्यात! मग समदे एक जूनवालेच कसे गेले? आमच्या गुर्जींनी काय परफॉर्मन्स लिवला व्हता व्हय?"

मी हसले नाही. मला रडूही आलं नाही. मला राग आला. नोकरी मला मिळाली होती आणि तरी वरचढ तीच ठरली होती. तिच्या जागी मी असते तर सांगितलं असतं, पाळण्याच्या दोरीसकट सांगितलं असतं. एवढं मोठं मन हिलाच का मिळावं? लांब हात काय कमी होते?

गेलेल्यांपैकी काही जण वकिलाकडे गेले. वयामुळे काढलं, असं त्यांचं म्हणणं. वय पाहिलंच नाही, असं रिसॉर्टचं. ते भांडण अजून चालू आहे. चांगुणाने त्यांच्या अर्जावर आपला अंगठा नको म्हणून सही केली, मोठ्या अक्षरात, आणि दुसरीकडे कामाला लागली. कान्हे फाट्यावर एका मंडपवाल्याच्या गोदामात. लग्नाचे पडदे, कनाती, टेबलांवरची कापडं धुऊन घडी घालायची. "त्यानं वय न्हाई इचारलं," तिने फोनवर सांगितलं. "हात बघितलं आन म्हनला, उद्यापास्नं या." खोली टिकली होती. मी म्हटलं, बरं झालं. लिनन रूममध्ये मी एकटी होते. चादरी तळेगावहून प्लॅस्टिकमध्ये बांधून यायच्या, घडी घातलेल्या. मला धरायला टोकच उरलं नव्हतं.

उन्हाळा सरला. एक जूनला सकाळी लिनन रूमचं दार वाजलं. रिया मॅडम होत्या, हातात वाटीएवढा केक. त्यावर एकच नाव होतं, माझं. बाकी एक जूनवाला रिसॉर्टवर कुणी राहिलाच नव्हता. आज कागदावर मी पंचावन्न पुरी केली होती.

"हॅपी बर्थडे, मावशी," त्या हसून म्हणाल्या.

त्यांच्या मनात काही नसेलही. मी मेणबत्ती विझवली, थँक्यू म्हटलं, अर्धी रजा टाकली. उरलेला केक डब्यात घातला आणि लोणावळ्याहून पुण्याच्या गाडीत बसून कान्ह्याला उतरले.

गोदाम फाट्याच्या मागेच होतं. दारातून पाहिलं तर चांगुणा एका भल्या मोठ्या लाल पडद्याची घडी घालत होती. एकटीने नाही. समोर एक बाई होती, चाळिशीची असेल, ठसठशीत, आणि दुसरं टोक तिने धरलं होतं. दोघी एकदम झटका देत होत्या, एकमेकींकडे चालत येत होत्या. काहीतरी बोलून हसतही होत्या. मी हेव्यात पारंगत झालेली बाई आहे, पण त्या क्षणी जे झालं तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. तिच्या केसांनी नाही, हातांनी नाही, टाळ्यांनीही नाही. कोण ही? हिला कुणी सांगितलं टोक धरायला? आणि तेव्हाच डोक्यात आलं की चांगुणाला दुसरं माणूस कधीच लागत नव्हतं. एवढी वर्षं मी धरून होते ते टोक तिने मला धरायला दिलं होतं.

तिने मला पाहिलं. हातातला डबा पाहिला, तोंड पाहिलं.

"मावशी म्हनले व्हय?"

"तुला कसं कळलं?"

"आज एक जून न्हवं का." मग त्या बाईकडे वळून म्हणाली, "संगीता, तू वाईच बाजूला हो. आमची नलू आली."

संगीताने टोक सोडलं. चांगुणाने ते माझ्यापुढे केलं. "खांदा दुखतोय न्हवं अजून? खालचं धर."

मी डबा खाली ठेवला आणि खालचं टोक धरलं. पडदा जड होता. आम्ही झटका दिला, अर्धा केला, चालत एकमेकींजवळ आलो. संगीता भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती. तिचं तोंड चांगलंच उतरलं होतं. ते तोंड मी ओळखलं, आरशात रोज बघत आले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं.